नववीतली संज्ञांची वही: जगाचा इतिहास आणि भूगोल सोलापुरात बसून कसा समजावा

एका आईने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. मुलगा नववीत आहे, घर अक्कलकोट रोडच्या बाजूला. त्याने जगाचा इतिहास आणि भूगोल मिळून दीडशेच्या वर संज्ञा वहीत उतरवून घेतल्या आहेत आणि रोज सकाळी त्या म्हणून काढतो. व्याख्या विचारली की धडाधड सांगतो, पण ‘वसाहतवाद आणि साम्राज्यवाद यांत फरक काय?’ असं विचारलं की गप्प होतो. यातल्या खरोखर महत्त्वाच्या संज्ञा कोणत्या आणि त्या समजून कशा घ्यायच्या?

ताई, मी सोलापुरातच माध्यमिक शाळेत हे दोन्ही विषय शिकवत आलो आहे. तुमचा मुलगा जिथे अडतो तिथेच बहुतेक मुलं अडतात. व्याख्या त्यांना येत असतात. अमुक संज्ञा कुठे संपते आणि शेजारची कुठे सुरू होते, हे मात्र कोणी दाखवलेलं नसतं. शेताचा उतारा पाठ असावा आणि बांध कुठे आहे ते ठाऊक नसावं, तसं होतं. म्हणून माझं पहिलं सांगणं असं: संज्ञा एकेकटी शिकवू नका, तिच्या शेजारणीसकट शिकवा. आणि शक्य असेल तिथे आपल्या जिल्ह्यात तिचा पुरावा शोधायला लावा. सोलापूर यासाठी फार चांगलं गाव आहे.

सुरुवात औद्योगिक क्रांतीपासून करा, कारण ती तुमच्या दाराशी आहे. मुलं व्याख्या लिहितात, ‘यंत्रांच्या साहाय्याने उत्पादन होऊ लागले, यास औद्योगिक क्रांती म्हणतात.’ एवढ्याने काही कळत नाही. इंग्लंडमध्ये १७६० च्या सुमाराला हा बदल सुरू झाला, त्याआधी कापड कसं बनत होतं ते त्याला विचारा. व्यापारी सूत किंवा लोकर घरोघर पोचवायचा, घरातली माणसं ती कातायची, विणायची, आणि तयार माल मोजून मजुरी मिळायची. काम घरात, कच्चा माल व्यापाऱ्याचा, मजुरी नगावर. आता त्याला आपल्या पूर्व भागातल्या विडी कामगार बायकांची आठवण करून द्या. कारखान्यातून पानं आणि तंबाखू घरी आणायचा, विड्या वळायच्या, परत नेऊन द्यायच्या आणि हजार विड्यांमागे मजुरी घ्यायची. युरोपातली कारखान्यापूर्वीची ती घरगुती उत्पादनपद्धत साधारण अशीच चालत होती. हे एकदा डोळ्यांसमोर आलं की पुढचा बदल आपोआप उमगतो. जेम्स वॉटने सुधारलेल्या वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ चं, कार्टराइटचा यंत्रमाग १७८५ चा. यंत्र मोठं आणि महाग झालं, ते झोपडीत मावेना, मग माणसालाच यंत्राकडे जावं लागलं. काम घराबाहेर गेलं, वेळ भोंग्यावर ठरू लागली, हत्यार मालकाचं झालं आणि कामगाराकडे विकायला फक्त श्रम उरले. क्रांती म्हणायची ती या बदलाला. यंत्र हे तिचं साधन.

हिची शेजारीण म्हणजे औद्योगिकीकरण. औद्योगिक क्रांती ही विशिष्ट काळात, आधी ब्रिटनमध्ये झालेली घटना. औद्योगिकीकरण ही कुठेही, केव्हाही घडू शकणारी प्रक्रिया. सोलापुरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत गिरण्या उभ्या राहिल्या, ते औद्योगिकीकरण. इथे कापूस पिकत होता, रेल्वे आली होती, विणकर होते. तेलंगणातून पद्मशाली कुटुंबं इथे आली, ती भूगोलातल्या स्थलांतराच्या धड्याची जिवंत साक्ष आहेत: तिकडे पोट भरण्याची ओढाताण हा ढकलणारा घटक आणि इकडे मागाचं काम हा ओढणारा घटक. तुमच्या गल्लीतल्या एखाद्या आजोबांना मुलाने ‘तुमचे वडील इथे का आले?’ एवढंच विचारावं. उत्तरात दोन्ही घटक सापडतील.

याच धाग्याला धरून ‘जागतिक बाजारपेठ’ ही संज्ञाही संपवून टाका. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तिथला कापूस इंग्लंडला पोचेना, म्हणून आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपताच भाव कोसळला. तेजीत काढलेली कर्जं शेतकऱ्यांच्या डोक्यावर राहिली, त्यात शेतसारा वाढला, आणि १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांकडची कर्जखतं जाळली. अमेरिकेतलं युद्ध आणि दख्खनमधला दंगा एका ओळीत बसतात, हे मुलाला दिसलं की ‘जगाचा इतिहास’ हा वेगळा, लांबचा विषय राहत नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. साम्राज्यवाद म्हणजे एका राष्ट्राने दुसऱ्या प्रदेशावर आपलं वर्चस्व पसरवण्याचं धोरण. ते सैन्याने असेल, व्यापाराने असेल, तहाने असेल. वसाहतवाद हा त्याचा एक प्रकार: प्रत्यक्ष जाऊन तो प्रदेश ताब्यात घ्यायचा आणि आपले अधिकारी किंवा आपली माणसं बसवून तो चालवायचा. भारत ही ब्रिटनची वसाहत होती, इथे दोन्ही एकत्र दिसतात, म्हणून भारताचं उदाहरण फरक समजवायला उपयोगी पडत नाही. चीनचं घ्या. पहिल्या अफू युद्धानंतर १८४२ च्या नानकिंगच्या तहाने चीनला पाच बंदरं ब्रिटिश व्यापाराला खुली करावी लागली आणि हाँगकाँग द्यावं लागलं. पण बीजिंगला सम्राट होताच, कारभार त्याच्याच नावाने चालत होता. म्हणजे हाँगकाँग ही वसाहत झाली. उरलेला चीन वसाहत न होताही साम्राज्यवादाच्या विळख्यात सापडला. याच्या उलट टोकाला आफ्रिका. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेत युरोपीय सत्तांनी आफ्रिकेत हातपाय पसरण्याचे नियम आपसांत ठरवले. त्या टेबलाशी एकही आफ्रिकी प्रतिनिधी नव्हता. १९१४ पर्यंत इथिओपिया आणि लायबेरिया सोडले तर जवळजवळ सारं खंड वाटून घेतलं गेलं होतं. ही दोन उदाहरणं शेजारी शेजारी लिहिली तर फरक विसरणं अवघड आहे.

‘क्रांती’ आणि ‘उठाव’ यांच्यासाठी आपल्या चार हुतात्म्यांकडे जायला हवं. मे १९३० मध्ये गांधीजींना अटक झाली आणि सोलापूर पेटलं. गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबार झाला, आणि काही दिवस शहरातून ब्रिटिश सत्ता जवळजवळ नाहीशी झाली. १२ मे १९३० ला इथे मार्शल लॉ लागला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. मुलाला चौकातल्या चार पुतळ्यांपाशी न्या आणि विचारा: ही क्रांती होती का? उत्तर शोधताना त्याला व्याख्येचा गाभा सापडेल. क्रांतीत सत्ता कोणाची, हा मूळ प्रश्नच बदलतो. १७८९ पूर्वी फ्रान्समध्ये सार्वभौमत्व राजाचं होतं, नंतर ते राष्ट्राचं, नागरिकांचं आहे असं जाहीर झालं. विशेषाधिकार असलेले वर्ग मोडले. म्हणून ती क्रांती. सोलापुरात लोकांनी प्राण पणाला लावले, पण राजवट बदलली नाही. तो देशव्यापी सविनय कायदेभंगाच्या काळातला उठाव होता. असं म्हटल्याने हुतात्म्यांची थोरवी तसूभर कमी होत नाही. संज्ञा घटनेचा मान ठरवत नाही, तिचं स्वरूप सांगते. आणि मार्शल लॉ व आणीबाणी यांची गल्लत होऊ देऊ नका. मार्शल लॉमध्ये मुलकी कारभाराचे अधिकार लष्कराच्या हाती जातात. राष्ट्रीय आणीबाणी ही संविधानाच्या ३५२ व्या कलमाखाली जाहीर होते आणि तेव्हाही सरकार मुलकीच असतं.

महायुद्धांच्या बाबतीत तारखा पाठ असतात, पण मुलांच्या डोक्यातला नकाशा युरोपपुरताच असतो. डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्या सोलापूरचे. १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या वैद्यकीय पथकातून ते गेले आणि १९४२ च्या डिसेंबरमध्ये तिथेच वारले. पाठ्यपुस्तकी हिशेबाने दुसरं महायुद्ध १ सप्टेंबर १९३९ ला, जर्मनीने पोलंडवर हल्ला केला तेव्हा सुरू होतं. मग १९३८ मध्ये डॉक्टर कोणत्या युद्धातल्या जखमींवर उपचार करायला निघाले होते? जपानने जुलै १९३७ मध्येच चीनवर पूर्ण आक्रमण सुरू केलं होतं. आशियातली आग दोन वर्षं आधीची. परीक्षेत १९३९ च लिहायचं, पण ते युरोपातल्या युद्धाचं साल आहे हे मुलाला माहीत असलं पाहिजे. कोटणीस स्मारक शहरातच आहे, एक रविवार द्यावा.

बाकी इतिहासातल्या काही जोड्या भराभर सांगतो. शस्त्रसंधी म्हणजे लढाई थांबवणं, तह म्हणजे अटी ठरवून युद्ध मिटवणं: पहिल्या महायुद्धात शस्त्रसंधी ११ नोव्हेंबर १९१८ ला झाली, व्हर्सायचा तह २८ जून १९१९ ला. राष्ट्रसंघ १९२० मध्ये सुरू झाला, संयुक्त राष्ट्रे २४ ऑक्टोबर १९४५ ला. दोन्ही वेगळ्या संस्था आहेत आणि ही चूक उत्तरपत्रिकांत सतत दिसते. प्रबोधन ही कला, विद्या आणि माणसाकडे पाहण्याची दृष्टी बदलणारी चळवळ, तर धर्मसुधारणा ही चर्चच्या अधिकाराला दिलेलं आव्हान, जर्मन धर्मगुरू मार्टिन ल्यूथरच्या १५१७ च्या प्रबंधांपासून. फॅसिझममध्ये राष्ट्र आणि नेता सर्वोच्च. नाझीवादात त्याला वंशश्रेष्ठत्वाचं विष मिळालं आणि सुमारे ६० लाख ज्यूंची हत्या झाली. शीतयुद्धात अमेरिका आणि सोव्हिएत संघ थेट लढले नाहीत, पण कोरिया, व्हिएतनाम इथे माणसं मेलीच. अलिप्ततावाद म्हणजे कोणत्याही गटाच्या लष्करी करारात न अडकता प्रत्येक प्रश्नावर स्वतः भूमिका घेणं. ‘तटस्थ’ हा शब्द त्याच्या उत्तरात दिसला तर खोडा.

भूगोलात मी सर्वांत जास्त वेळ पर्जन्यछायेला देतो, आणि सोलापूरकराने तो दिलाच पाहिजे. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात, बाष्पाचं सांद्रीभवन होऊन पश्चिम उतारावर पाऊस कोसळतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर. घाट ओलांडून तेच वारे खाली उतरतात तेव्हा हवा दाबली जाऊन गरम होते, तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता वाढते आणि पाऊस मंदावतो. सोलापूर जिल्ह्यात साधारण साडेपाचशे ते सहाशे मिलिमीटर. ‘वाऱ्यातलं पाणी संपलं’ एवढं लिहून मुलं थांबतात. उतरणारी हवा गरम होते, हे अर्धं कारण त्यांच्याकडून राहून जातं. ‘भौगोलिक कारणे लिहा’ या प्रश्नात गुण तिथेच जातात. दहावीला भारत आणि ब्राझीलची तुलना येईल तेव्हा ब्राझीलच्या ईशान्येकडचा कोरडा पट्टा याच नियमाने समजेल. आपल्या सोलापूरकडे सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, कारण तेव्हा बंगालच्या उपसागराकडून सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे मदतीला येतात. तो पाऊस आमच्या काळ्या जमिनीत मुरतो आणि त्या ओलीवर मंगळवेढ्याची ज्वारी हिवाळाभर उभी राहते. मोसमी वारे, मृदा आणि रब्बी हंगाम या तिन्ही संज्ञा एका भाकरीत आहेत.

पर्जन्यछायेच्या शेजारी दोन संज्ञा बसतात, अवर्षण आणि दुष्काळ, आणि तिन्ही सरमिसळ वापरल्या जातात. पर्जन्यछाया हा जागेचा कायमचा गुण आहे. अवर्षण म्हणजे एखाद्या वर्षी नेहमीपेक्षा फार कमी पाऊस पडणं. चेरापुंजीतही ते होऊ शकतं. दुष्काळ म्हणजे माणसांना अन्न न मिळणं. या तिसऱ्या गोष्टीबद्दल मला मनापासून सांगायचं आहे, कारण इथे भूगोल आणि इतिहास एक होतात. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा मुलाला माहीत असेलच: लोक उपाशी मरत होते तेव्हा त्यांनी बादशाही कोठारं खुली केली. कथेतला मुद्दा नीट पाहा. धान्य होतं. ते कोठारात होतं. उपासमार होती ती धान्य माणसांपर्यंत पोचत नसल्यामुळे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली, त्याच काळात तिथून धान्य आणि जनावरं इंग्लंडला जातच होती. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात युद्ध, भाववाढ आणि सरकारी धोरण यांनी गरिबाच्या ताटातला भात काढून घेतला. अर्थतज्ज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिलं की प्रश्न अन्न आहे की नाही एवढाच नसतो, ते मिळवण्याची ऐपत कोणाकडे आहे हाही असतो. म्हणून ‘पाऊस न पडल्याने दुष्काळ पडतो’ हे वाक्य अपुरं आहे. अवर्षणाला दुष्काळ होऊ द्यायचं की नाही, ते बरंचसं माणसांच्या हातात असतं. १९७२ ला महाराष्ट्रात पाऊस भीषण हुकला, पण रोजगाराची कामं निघाली, रेशनवर धान्य आलं. घरात कोणी त्या कामांवर खडी फोडलेली असेल तर त्यांना बोलतं करा.

रेखावृत्त, स्थानिक वेळ, प्रमाण वेळ या गोष्टी पुस्तकात वाचून समजत नाहीत, गच्चीवर समजतात. सोलापूर साधारण ७५.९ अंश पूर्व रेखावृत्तावर आहे, भारताची प्रमाण वेळ ८२.५ अंशांवरून धरली जाते. फरक ६.६ अंश, दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे सुमारे २६ मिनिटं. मुलाने गच्चीत एक काठी सरळ उभी करावी आणि बाराच्या आधीपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खूण करावी. सर्वांत आखूड सावली बाराला पडणार नाही. सरासरीने १२ वाजून २६ मिनिटांच्या आसपास पडेल, आणि ऋतूप्रमाणे पंधरा-सोळा मिनिटं मागेपुढे होईल. तोच आपला खरा मध्यान्ह. भारताने एक प्रमाण वेळ १९०६ मध्ये स्वीकारली. त्याआधी आणि नंतरही बरीच वर्षं मुंबई आपल्या स्वतंत्र वेळेवर चालत होती, प्रमाण वेळेच्या ३९ मिनिटं मागे. अक्षवृत्तासाठीही हीच काठी. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, १७ अंश ४० मिनिटांच्या जवळ आहोत, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात एकदा काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या सुरुवातीला पुन्हा, पण तेव्हा बहुधा ढग असतात. दिल्लीत हे कधीच घडत नाही, का ते त्याला सांगू द्या.

आंतरराष्ट्रीय वाररेषेची भीती घालवायला मॅगेलनची सफर सांगा. जहाजं १५१९ मध्ये स्पेनहून पश्चिमेकडे निघाली, मॅगेलन १५२१ मध्ये फिलिपीन्समध्ये मारला गेला, उरलेले लोक १५२२ मध्ये परतत असताना केप व्हर्द बेटांवर थांबले. जहाजाच्या नोंदीप्रमाणे तो बुधवार होता, बेटावरचे लोक म्हणाले आज गुरुवार. एकही दिवस नोंदवायचा चुकला नव्हता. सूर्याच्या मागे मागे पश्चिमेकडे पृथ्वी फिरून आल्याने त्यांचा एक सूर्योदय कमी झाला होता. हा वाढत-घटत जाणारा दिवस कुठेतरी एका ठिकाणी जमेस धरायला हवा, त्यासाठी १८० अंशांच्या आसपास ती रेषा. पश्चिमेकडे जाताना ओलांडली तर एक दिवस पुढे, पूर्वेकडे जाताना ओलांडली तर एक दिवस मागे. ती वाकडी का, तर एकाच देशात दोन वार नकोत म्हणून. सामोआने २०११ मध्ये ३० डिसेंबर हा दिवसच गाळला आणि रेषेची बाजू बदलली.

हवा आणि हवामान: आज ४३ अंश आहे ही हवा, सोलापूरचा मे कडक असतो हे हवामान, आणि हवामान ठरवायला साधारण तीस वर्षांच्या नोंदी लागतात. विदारण आणि खनन: खडक जागच्या जागी फुटतो ते विदारण, पाणी किंवा वारा त्याला खरवडून नेऊ लागतो ते खनन. आपला काळा बेसाल्ट पापुद्र्यांनी सुटतो, तो गावाबाहेरच्या कुठल्याही खाणीच्या कडेला दिसतो. पंढरपुरात भीमा वळते म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. वळणाच्या बाहेरच्या काठावर खनन आणि आतल्या काठावर संचयन, दोन्ही एकाच वारीत बघून होतं.

वहीचं म्हणाल तर दीडशे संज्ञांतल्या पन्नास-साठ ठेवा. प्रत्येकीला अर्धं पान: डावीकडे तिची शेजारीण, उजवीकडे दोघींतला फरक दाखवणारं एकच उदाहरण, साल आणि ठिकाण यांसकट. साल-ठिकाण नसलेलं उदाहरण चालवून घेऊ नका. इतिहासाच्या संज्ञेखालीही छोटा नकाशा काढायला लावा. सोव्हिएत संघ, ऑटोमन साम्राज्य, प्रशिया ही आज नकाशावर नसलेली नावं आहेत आणि ती कुठे होती हे ठाऊक नसेल तर धडा हवेत राहतो. ज्या संज्ञेला शेजारीण सापडत नाही आणि आपल्या जिल्ह्यात किंवा बातमीत पुरावाही सापडत नाही, ती सध्या बाजूला ठेवा. राजघराण्यांच्या वंशावळी, लहान लढायांची नावं, खडकांचे उपप्रकार बहुतेक त्यातच निघतील. आणि रोज सकाळी म्हणून काढण्याऐवजी संध्याकाळी त्याने तुम्हाला एक जोडी समजावून सांगावी. तुम्ही मध्ये ‘म्हणजे काय?’ एवढंच विचारत राहा. जिथे तो व्याख्येतलं वाक्य पुन्हा जसंच्या तसं म्हणेल, तिथे त्या जोडीवर पेन्सिलीने खूण करून ठेवा. ती दुसऱ्या दिवशी परत घ्यायची.